गंज भोकात लागतो: बाहेर ठेवायच्या लाकडी फर्निचरला स्क्रू, बोल्ट आणि बिजागऱ्या कशा निवडाव्यात

माझ्या हातून झालेलं पहिलं बाकडं तिसऱ्या वर्षीही बाहेरून ठीकठाक दिसत होतं. एक पट्टी बदलायची म्हणून स्क्रू फिरवला आणि नुसतं डोकंच हातात आलं. डोकं पिवळं, जवळपास नव्यासारखं. खालचा दांडा मात्र पेन्सिलीच्या शिशाएवढा उरलेला आणि भोकाच्या भिंती शाई ओतल्यासारख्या काळ्या. बाकीचे स्क्रूही तसेच निघाले. खरं तर निघाले नाहीत, एकेक करून तुटले.

तेव्हापासून डोकं बघून स्क्रू घेणं मी सोडलं. पाऊस उघडला की डोकं तासाभरात सुकतं, पण भोकातलं लाकूड आठवडाभर ओल धरून बसतं आणि त्या ओलीत लाकडाचं स्वतःचं आम्ल उतरलेलं असतं. त्यात आणखी एक भानगड आहे. डोक्याला हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो, आत गेलेल्या दांड्याला मिळत नाही. ओलं लाकूड या दोघांना जोडतं आणि एक इवलासा विद्युतघट तयार होतो. त्यात झिजतो तो दांडा. डोकं चकचकीत राहतं ते दांड्याच्या जिवावर.

म्हणून सामान निवडताना विचारायचा प्रश्न असा: या भोकात ओल किती दिवस राहणार, आणि त्या ओलीत काय विरघळलेलं असणार?

आधी जागा

फर्निचर कुठे राहणार हे पहिल्यांदा ठरवा. छपराखाली, जिथे फक्त वाऱ्याबरोबर शिंतोडे येतात, ती एक जागा. उघड्यावर, ऊनपावसात, ही दुसरी. समुद्राचा खारा वारा पोचतो ती तिसरी. क्लोरीन घातलेल्या पोहण्याच्या तलावाचा काठही मी या तिसऱ्या गटातच धरतो.

या तीन जागांत फरक किती, ते जस्ताच्या हिशोबाने नीट कळतं. हवा धातूला किती खाते याची प्रतवारी आयएसओ ९२२३ या मानकात दिलेली आहे. त्यातल्या मध्यम प्रतीच्या हवेत जस्ताचा थर पहिल्या वर्षात ०.७ ते २.१ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजतो. खारट, अतितीव्र प्रतीच्या हवेत ४.२ ते ८.४ मायक्रॉन. आता नेहमीच्या झिंक प्लेटेड स्क्रूवर जस्त असतं साधारण ५ ते १२ मायक्रॉन. ८ धरले तर मध्यम हवेत चार ते अकरा वर्षं आणि समुद्राकाठी जेमतेम एक ते दोन. हा हिशोबही मोकळ्या हवेतला आहे. ओल्या, आंबट लाकडातल्या भोकात तो आणखी लवकर संपतो.

मग लाकूड

सगळी लाकडं थोडीफार आम्लधर्मी असतात, पण काही फारच. ओक, चेस्टनट आणि वेस्टर्न रेड सिडार या बाबतीत पक्की बदनाम आहेत. ओकची आम्लता पीएच ४ च्या आसपास जाते. शिवाय त्यांच्यात टॅनिन असतं. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की निळसर काळा रंग तयार होतो. हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा गंज टाकून काळी शाई होते, तीच ही क्रिया. तुमच्या टेबलावर स्क्रूच्या डोक्याखाली काळा ओघळ आला असेल तर ती बुरशी नव्हे. टेबलाने आपली आपण शाई घोटली आहे.

बाभूळ आणि निलगिरीच्या लाकडातही टॅनिन पुरेसं असतं. सागवान तुलनेने सौम्य. त्यातल्या तेलामुळे पाणी मुरायला वेळ लागतो आणि धातू त्यात जास्त टिकतो. म्हणून सागवानाला काहीही चालतं असं मात्र नाही. साधा लोखंडी स्क्रू तिथेही डाग सोडतोच.

वेगळी काळजी घ्यायची ती हिरवट झाक असलेल्या, दाबाखाली रसायन मुरवलेल्या पाइनसारख्या लाकडाची. त्या रसायनात तांबं असतं. अमेरिकेत २००३च्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकवालं रसायन मागे पडलं आणि त्याच्या जागी आलेल्या रसायनांमध्ये तांब्याचं प्रमाण वाढलं. ओल्या लाकडातलं तांबं साधं पोलाद आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातं. अशा लाकडात स्टेनलेस घाला, नाहीतर जस्ताच्या जाड थराचं हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड. तिसरा पर्याय मी देणार नाही.

धातूंची ओळख

स्टेनलेस म्हणजे किमान १०.५ टक्के क्रोमियम असलेलं पोलाद. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर अतिशय पातळ पापुद्रा धरतं. ओरखडा पडला तर तो पापुद्रा आपोआप भरून येतो. मुलाम्याला हे जमत नाही. तो गेला की गेला.

३०४ या प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये यांच्या जोडीला २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, जे मिठासमोर उभं राहतं. बोल्टच्या डोक्यावर ही नावं सहसा नसतात. तिथे 'ए२-७०' किंवा 'ए४-८०' असं कोरलेलं असतं. ए२ म्हणजे ३०४च्या जातीचं, ए४ म्हणजे ३१६च्या. पुढचा आकडा ताकदीचा: ७० म्हणजे ७०० मेगापास्कल ताण. उघड्यावरच्या साध्या जागेला ए२ पुरेसं आहे. खाऱ्या वाऱ्यात आणि तलावाकाठी ए४. तिथे ए२ घातलं तर ते लगेच मोडत नाही, पण चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग चढतात आणि हळूहळू खड्डे पडतात.

२०२ ही स्वस्त जात. यात निकेल कमी करून मँगनीज भरलेलं असतं. दिसायला तंतोतंत ३०४, गंजायला बरीच उतावीळ. घरातल्या कपाटाला ठीक, पावसात नको. ४१० जातीचे स्वतःच भोक पाडत जाणारे स्क्रू असतात. ते कडक असतात म्हणून कारागिरांना आवडतात, पण गंजाला तोंड द्यायची त्यांची ताकद कमी. पुडक्यावर नुसतं 'एसएस' लिहिलं असेल तर कोणतं, हे विचाराच.

हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं पोलाद. थर बोल्टवर साधारण ५० मायक्रॉन, जाड पट्ट्यांवर त्याहून अधिक. दिसायला राखाडी, खरबरीत, थोडं ओबडधोबड. नाजूक खुर्चीला शोभत नाही, पण जाड ओंडक्याच्या बाकड्याला किंवा झोपाळ्याच्या चौकटीला झकास. एक अडचण आहे. थर जाड असल्यामुळे त्याच्या नटाचे आटे मुद्दाम सैल कापलेले असतात. म्हणून बोल्ट आणि नट जोडीनेच घ्या. साधा नट त्यावर चढत नाही, आणि जबरदस्तीने चढवला तर जस्त खरवडून काढतो. ओकवर मात्र मी हे वापरत नाही, कारण टॅनिनचं आम्ल जस्त भराभर खातं आणि मग खालचं पोलाद उघडं पडून काळे डाग येतात.

पितळ देखणं आणि मऊ. छपराखालच्या पेटीच्या कडीकोयंड्याला चांगलं. भार घेणाऱ्या सांध्यात नको, आणि खारटपणात तर नकोच, कारण तिथे पितळातलं जस्त विरघळून जातं आणि मागे ठिसूळ, गुलाबी तांबं उरतं. सिलिकॉन ब्राँझ हा त्याचा थोरला भाऊ. जवळपास ९६ टक्के तांबं आणि ३ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन. लाकडी होड्या बांधणारे पूर्वापार हेच वापरत आले आहेत. मिळत असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर खाऱ्या हवेतल्या ओक किंवा सागवानासाठी यासारखं दुसरं नाही.

जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू बाहेर अजिबात नकोत. ते ठिसूळही असतात. नुसतं काळं ऑक्साइड केलेलं सामान म्हणजे रंगवलेलं लोखंडच. क्रोम मुलाम्याच्या मुठी घरात ठेवा. पावडर कोटिंग टिकतं, पण टवका उडाला की पाणी कोटिंगच्या आतून सरपटत जातं. तेव्हा खालचा धातू आधी गॅल्व्हनाइज्ड आहे का ते विचारा.

विकत घेताना काय तपासाल

खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. सोनेरी स्क्रूला ते चिकटलं तर तो पितळेचा नाही, पिवळा मुलामा दिलेला लोखंडी आहे. स्टेनलेस म्हणून दिलेल्या स्क्रूला घट्ट चिकटलं तर तो ४१० किंवा तसाच कुणीतरी. अगदी हलकं ओढल्यासारखं वाटलं तर घाबरू नका. ३०४चा स्क्रू थंड अवस्थेत ठोकून घडवताना थोडासा चुंबकीय होतो.

चुंबकाची मर्यादाही लक्षात ठेवा. २०२ आणि ३०४ दोन्हींना ते चिकटत नाही, त्यामुळे हा भेद त्याला कळत नाही. ३१६ ओळखण्यासाठी मॉलिब्डेनम दाखवणारं थेंबाचं रसायन मिळतं. मोठी खरेदी असेल तर ते घ्यावं. नाहीतर डोक्यावरची खूण आणि विकणाऱ्याच्या शब्दाची किंमत.

बिजागरी हातात आली की पानांपेक्षा मधली खीळ आधी बघा. पानं स्टेनलेसची आणि खीळ लोखंडी, हा प्रकार इतका सर्रास आहे की मी आता बिजागरी न तपासता घेतच नाही. चुंबक थेट खिळीच्या टोकाला लावायचं. घडीच्या खुर्चीचे रिव्हेट, कुलपातली स्प्रिंग, चाकांचे आस यांचंही तेच. दिसणारा भाग चांगला आणि फिरणारा भाग फसवा.

बॅरल नट (आडव्या भोकात बसवायचे नळकांडी नट) आणि लाकडात बसवायचे आट्यांचे इन्सर्ट बऱ्याचदा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. बाहेर ते फुगतात आणि चिरतात. पितळेचे किंवा स्टेनलेसचे मागा.

धातूंची भेसळ

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी आलं की त्यातला हलक्या कुळातला झिजतो. क्रम साधारण असा: जस्त सर्वांत आधी, मग ॲल्युमिनियम, पोलाद, पितळ, तांबं आणि शेवटी स्टेनलेस. यात आकाराचा मोठा हात असतो. मोठ्या स्टेनलेस पट्टीत छोटा जस्ताचा स्क्रू घातला तर सगळा मार त्या बिचाऱ्या स्क्रूवर येतो आणि तो थोड्याच काळात खलास. उलट, मोठ्या गॅल्व्हनाइज्ड पट्टीत छोटे स्टेनलेस स्क्रू घातले तर मार मोठ्या पृष्ठभागावर वाटला जातो आणि निभावून जातं. म्हणजे सगळं एका धातूचं घेता आलं नाही, तर स्क्रू नेहमी पट्टीपेक्षा वरच्या प्रतीचा हवा. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर स्टेनलेस बोल्ट लावताना मध्ये नायलॉनचा वॉशर आणि बोल्टभोवती नायलॉनची नळी घाला; खाऱ्या हवेत तर नक्की.

लांबी, जाडी आणि लाकडाची हालचाल

पट्टी जाड असेल त्याच्या अडीच ते तीन पट लांबीचा स्क्रू. २० मि.मी.ची पट्टी असेल तर ५० ते ६० मि.मी. लांब, ५ मि.मी. जाड. वरच्या पट्टीत ५.५ मि.मी.चं मोकळं भोक पाडा, म्हणजे आटे तिथे अडकणार नाहीत आणि पट्टी खाली ओढली जाईल. खालच्या लाकडात, कठीण असेल तर ३.५ मि.मी.चं, मऊ असेल तर ३ मि.मी.चं भोक. फळीच्या टोकापासून किमान २५ मि.मी. आत राहा. फळीच्या टोकाच्या बाजूने, म्हणजे रेषांच्या दिशेने आत जाणारा स्क्रू नीट धरत नाही. तिथे बोल्ट आणि बॅरल नट वापरा किंवा कुसाचा सांधा करा.

आता हालचाल. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. समजा, फळी १४० मि.मी. रुंद आहे आणि तिची ओल कोरड्या ऋतूत १० टक्के, ओल्या ऋतूत १८ टक्के होते. आडव्या कापाची ओकची फळी एवढ्यात सुमारे ४ मि.मी. रुंदावते, सागवानाची सुमारे २ मि.मी. अशा फळीच्या दोन्ही कडांना दोन स्क्रू घट्ट आवळले तर एक तर फळी चिरते नाहीतर स्क्रू वाकतो. वर्षानुवर्षं पुढेमागे वाकला की कितीही भारी धातू असो, तुटणार. उपाय साधा आहे. एका बाजूला गोल भोक, दुसऱ्या बाजूला रुंदीच्या दिशेने लांबट भोक, आणि त्यावर गोल डोक्याचा स्क्रू व वॉशर. फार आवळायचं नाही. अरुंद पट्ट्यांना मध्ये एकच स्क्रू पुरतो.

मोठ्या सांध्यांना, म्हणजे पाय आणि आडव्या तुकड्याच्या जोडाला, मी स्क्रूऐवजी कॅरेज बोल्टच घालतो. गोल गुळगुळीत डोकं कपड्यांना अडकत नाही आणि खालचा चौकोनी गळा लाकडात रुतून बोल्टला फिरू देत नाही. नटाखाली भोकाच्या तिप्पट व्यासाचा रुंद वॉशर हवा, नाहीतर नट लाकडात बुडत जातो.

पाणी आत जाऊच न देणं

हे धातूच्या निवडीइतकंच महत्त्वाचं आहे, आणि यावर खर्च शून्य. शक्य तिथे स्क्रू खालून घाला. बसायच्या पट्ट्या खालच्या आडव्या तुकड्यातून वर आवळल्या तर वरच्या बाजूला भोकच राहत नाही. पट्टीच्या वर टोक निघणार नाही एवढी लांबी मोजून घ्या म्हणजे झालं. वरून घालणं भाग असेल तर डोकं खोल खड्ड्यात बसवू नका. आकाशाकडे तोंड केलेला तो खड्डा म्हणजे पाण्याची वाटी. बसवायचंच असेल तर त्याच लाकडाची गोल डाटणी, रेषा जुळवून, पाण्याला टिकणाऱ्या गोंदाने बसवा आणि सपाट करा. कायम भिजलेल्या लाकडात स्टेनलेसचाही श्वास कोंडतो. ऑक्सिजन मिळाला नाही की पापुद्रा भरून येत नाही आणि डोक्याखालच्या फटीत खड्डे पडू लागतात. तिथे ३१६ देखील कायमचं वाचत नाही.

झोपाळा आणि झोके

इथे निवड चुकली तर माणूस पडतो, म्हणून वेगळं लिहितो. झोका घेताना कडीवर येणारा भार नुसत्या बसल्या वजनाहून बराच जास्त असतो, आणि तो दर हेलकाव्याला कमीजास्त होतो. लाकडात पिळून बसवायचे हुक यासाठी नकोत. आरपार जाणारा आय बोल्ट, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर, नायलॉनची चकती असलेला नट. आय बोल्टची कडी पूर्ण बंद, घडीव किंवा वेल्ड केलेली हवी. नुसती वाकवलेली कडी भाराने उघडते. साखळी आणि शॅकल (साखळी जोडायची इंग्रजी यू-आकाराची कडी) यांवर सुरक्षित भाराचा आकडा कोरलेला असेल तेच घ्या. हलणाऱ्या जागी धातू धातूवर घासतो, मुलामा तिथे पहिल्यांदा जातो. म्हणून कड्यांना स्टेनलेस, आणि वर्षातून एकदा घासलेल्या जागी जाडी किती उरली ते बघायचं.

बसवताना

स्टेनलेस हे कडक पोलादापेक्षा मऊ असतं. अंदाजाने बारीक भोक पाडून इम्पॅक्ट ड्रायव्हर लावला तर डोकं तुटतं. भोक नीट पाडा आणि आट्यांना मेण लावा. साबण नको, तो ओल धरतो. अधिक चिन्हाच्या खाचेपेक्षा चांदणीच्या खाचेचे स्क्रू घ्या, त्यात बिट निसटत नाही.

स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टवर वेगाने चढवला तर मध्येच कायमचा जाम होतो. घर्षणाने पापुद्रा निघतो आणि उघडा धातू उघड्या धातूला चिकटतो. हाताने, सावकाश, आट्यांना जाम न होऊ देणारं वंगण लावून आवळा. जाम झालाच तर जोर करू नका. कापून काढणं हाच मार्ग उरतो.

पितळी स्क्रू बसवायचा असेल तर आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू घालून आटे पाडून घ्या, तो काढा, मग पितळी घाला.

आणि एक गोष्ट, जी मला शिकायला उशीर लागला: नव्या टेबलाजवळ लोखंड कापू किंवा घासू नका. ठिणग्यांतले कण लाकडावर आणि स्टेनलेसवर बसतात आणि पहिल्या सरीनंतर दोन्हींवर ठिपके उमटतात. स्टील वूलने लाकूड घासण्याचंही तेच. नायलॉनची घासणी वापरा.

नंतरची देखभाल

पहिला कोरडा ऋतू गेला की सगळे बोल्ट एकदा आवळा, कारण लाकूड आकसलेलं असतं. पुढे वर्षातून एकदा. खाऱ्या हवेत स्टेनलेस अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा.

काळे डाग पडलेच असतील तर ऑक्झॅलिक ॲसिडचं सुमारे ५ टक्क्यांचं द्रावण, म्हणजे एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, ब्रशने लावा. ते विषारी आहे; हातमोजे आणि चष्मा घाला, पूड मिसळताना मास्क लावा, मुलं आणि जनावरं दूर ठेवा. सबंध फळीला सारखं लावा, नाहीतर डागाच्या जागी फिका ठिपका उठून दिसतो. थोड्या वेळाने भरपूर पाण्याने धुवा. पण त्याआधी तो स्क्रू काढा. आत लोखंड तसंच ठेवून डाग धुतला तर पुढच्या पावसात तो त्याच जागी परत येतो. जुनं भोक काळं झालं असेल तर ते १० मि.मी.पर्यंत मोठं करा, त्यात त्याच लाकडाची खुंटी चिकटवा, रात्रभर वाळू द्या आणि तिच्या शेजारी, खुंटीत नव्हे, नवीन स्टेनलेस स्क्रूसाठी नवीन भोक पाडा.